स्मरणशक्तीच्या चाचणीसाठी आईवडिलांना नेताना

स्मृतिभ्रंशाची शंका आल्यावर घेतली जाणारी प्राथमिक चाचणी साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपते; परंतु समोरची व्यक्ती मनापासून उत्तरे देत नसेल, तर तिच्या गुणांवरून फारसे काही ठरवता येत नाही. म्हणून 'सहज फिरून येऊ' असे सांगून आईला नेऊ नये. दवाखान्याच्या दारात ते खोटे उघडे पडले की त्या दिवशी ती तोंड उघडत नाही. 'विसरायला होतंय, त्यामागे ब-१२ किंवा थायरॉइड आहे का, तेही पाहून घेऊ', हे सांगणे खरेही असते आणि तिला पटतेही. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी आणि चष्मा व श्रवणयंत्र आठवणीने न्यावे, कारण जो शब्द नीट ऐकूच आला नाही, तो न आठवल्याचेही गुण जातात.

आजचा वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळ काढून काटे दाखवा, असे प्रश्न जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना अपमानास्पद वाटू शकतात. हेच प्रश्न सगळ्यांना विचारतात आणि त्यांतले काही चांगल्या माणसालाही अडतात, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र घरी त्यांचा सराव करून घेऊ नये. पाठ केलेल्या उत्तरांमुळे सुरुवातीचा आजार झाकला जातो.

चाचणी सर्वाधिक बिघडवतात ते शेजारी बसलेले आपणच. उत्तर अडले की आपले ओठ हलतात, 'अगं, काल तर सांगितलंस' असे निघून जाते, आणि मग आई प्रश्न कानावर पडताच आपल्याकडे पाहू लागते. तिची हरकत नसेल तर बाहेर बसावे, नाहीतर तिच्या नजरेआड, मागच्या खुर्चीवर.

चाचणी मराठीतून व्हावी, असा आग्रह धरावा. शिक्षण किती झाले तेही खरे सांगावे, कारण 'मोका' या ३० गुणांच्या चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना एक गुण वाढवून मिळतो. आई तारखेपेक्षा तिथीवर चालणारी असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मध्येच ती चिडली तर दटावू नये. चाचणी थांबवून दुसऱ्या दिवशी घेता येते. गॅस चालू राहिला, औषध दोनदा घेतले, असे घरातले प्रसंग महिन्यासह लिहून न्यावेत आणि ते तिच्यादेखत न वाचता डॉक्टरांना वेगळे द्यावेत.