मराठी लेखनात उत्क्रांतिवादाचा माग कसा काढावा

कोकणातल्या एखाद्या वाचनालयात किंवा शाळेच्या अभ्यासमंडळात ‘उत्क्रांतिवादाचा आपल्या साहित्यावर आणि संस्कृतीवर काय परिणाम झाला’ हा विषय काढला, की पहिल्याच बैठकीत दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘बळी तो कान पिळी’ हे आपल्याला डार्विनच्या आधीपासून ठाऊक होते, हे एक. आणि दशावतार म्हणजेच उत्क्रांती, हे दुसरे. दोन्ही जिव्हाळ्याने बोललेली असतात, म्हणून ती झटकून टाकू नयेत, पण तपासल्याशिवाय वहीत उतरवूही नयेत.

प्रथम डार्विनचे म्हणणे नेमके काय होते, हे मंडळातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे, आणि त्यासाठी आंब्याचे उदाहरण घ्यावे. रायवळाच्या चार कोयी रुजवल्या तर चार झाडांची फळे चार चवींची निघतात, एखादे आंबट, एखादे नुसत्या रेषांचे, एखादे साखरेसारखे. हापूसचे कलम मात्र मूळ झाडाचाच गुण पुढे नेते. हा जो रायवळातला फरक, तोच डार्विनच्या विचाराचा पाया आहे. जीवांमध्ये फरक असतो, तो काही अंशी पुढच्या पिढीत उतरतो, आणि जगू शकतील त्यापेक्षा जास्त जीव जन्माला येतात, म्हणून परिस्थितीला जुळणारे फरक टिकतात. या तिन्ही गोष्टींचा मागमूस नसलेला उतारा केवळ ‘झगडा’ हा शब्द आला म्हणून डार्विनच्या खात्यावर लिहू नये. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण अन्यायाविषयी बोलते. तिच्यात फरकही नाही आणि वारसाही नाही.

त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर काही साले लिहून ठेवावीत. डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ चा, मानवाच्या वंशाविषयीचा १८७१ चा. ‘जो लायक तोच टिकतो’ या अर्थाचा प्रसिद्ध शब्दप्रयोग मात्र हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६४ मध्ये केला आणि डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. हा तपशील बारीक वाटला तरी मराठीच्या अभ्यासात तो फार कामाचा आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या निबंधकारांवर स्पेन्सरची छाप मोठी होती. १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आगरकर स्पेन्सर आणि इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांचे साक्षेपी वाचक होते. एखादी रूढी कोणत्या परिस्थितीत उपजली आणि ती परिस्थिती पालटल्यावर तिला धरून का राहायचे, असा प्रश्न त्या काळच्या सुधारकी निबंधात भेटला, तर त्यामागे प्राणिशास्त्रापेक्षा समाजाच्या क्रमिक वाढीची कल्पना आहे, हे ओळखून वेगळी नोंद करावी.

शब्दाकडेही नीट पाहावे. संस्कृतात ‘उत्क्रांती’ म्हणजे प्राणाने देह सोडून निघणे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘उत्क्रामन्तं’ हे रूप त्याच अर्थाने येते. हिंदीने ‘क्रमविकास’ घेतला, बंगालीने ‘विवर्तन’ घेतला, आणि मराठीने हा ‘उत्’ म्हणजे ‘वर’ असे सांगणारा शब्द उचलला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातली एकमेव आकृती फांद्या फुटत जाणारी आहे, तर आपला शब्द पायऱ्या चढत जाणारा आहे. मराठी लेखक उत्क्रांतीला सहजपणे ‘प्रगती’ समजतो, याचे एक कारण माझ्या मते या उपसर्गात आहे. शिवाय ‘क्रांती की उत्क्रांती’ अशी जोडी आपल्या राजकीय लेखनात रुळली, ती ‘क्रमविकास’ किंवा ‘विवर्तन’ या शब्दांनी इतक्या सहज जुळली नसती. जुने अंक चाळताना ही जोडी जिथे भेटेल, तिथे खूण घालावी.

दशावताराच्या मुद्द्याला पूर्ण एक बैठक द्यावी, आणि जमल्यास ती जत्रेच्या हंगामात ठेवून सर्वांनी दशावतारी नाटकाचा रात्रीचा प्रयोग पाहावा. सिंधुदुर्गातल्या देवळापुढे पायपेटी आणि मृदंग सुरू होतात, काळ्या वेषातला संकासूर येतो, मालवणीत लोकांना हसवतो, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत आख्यान रंगते. मत्स्य, कूर्म, वराह अशी दहा अवतारांची ओळ तिथे क्रमाने उभी राहत नाही. म्हणजे मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन आणि मग पूर्ण पुरुष, ही साखळी प्रयोगातून आलेली नाही. ती अवतारांच्या यादीतून वाचलेली आहे. यादीही एकच नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात वराह दुसरा आणि मत्स्य दहावा येतो. ही साखळी उत्क्रांतीशी जोडणारे विवेचन थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ च्या ग्रंथात सापडते, म्हणजे डार्विन छापून झाल्यावर अठरा वर्षांनी. जुन्या ठेव्याला नव्या शास्त्राशेजारी मानाने बसवण्याची त्या पिढीला वाटलेली निकड हाच इथला खरा सांस्कृतिक परिणाम आहे, आणि तो प्रेमाने अभ्यासण्याजोगा आहे.

हीच निकड, पण कितीतरी अधिक शिस्तीने, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’त दिसते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ सगळा वाचायला वेळ नसेल, तर ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ हे आठवे प्रकरण घ्यावे. तिथे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याचे सृष्टिशास्त्र आणि सांख्य दर्शनातली प्रकृती, म्हणजे सृष्टीचे मूळ द्रव्य, शेजारी ठेवून तुलना केली आहे. वाचताना समासात दोन खुणा कराव्यात: साम्य कुठे दाखवले, आणि फरक कुठे मान्य केला. दुसरी खूण सहसा कोणी करत नाही.

कवितेच्या बाबतीत घाई टाळावी. मालगुंडच्या केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ ची. जुने टाकून नव्याकडे जाण्याची तिची हाक त्या काळच्या हवेत मिसळलेली आहे, पण हवा म्हणजे पुरावा नव्हे. वहीत लेखक, साल, शब्द आणि विचार कोणत्या वाटेने आला, असे चार रकाने आखावेत, आणि केशवसुतांच्या नावापुढचा चौथा रकाना लेखी आधार हाती येईपर्यंत कोरा ठेवावा.