पिल्लू बादली पाहताच पलंगाखाली पळतं? अंघोळ घालताना या चुका टाळा

कुत्र्याचं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू पहिल्या अंघोळीला सहसा मुकाट येतं, कारण पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं. झटापट सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. बादलीचा आवाज आला की ते पलंगाखाली, आणि ओढून काढायला गेलं की दात. म्हणजे पहिल्या अंघोळीत काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते शोधताना पाण्याकडे नंतर बघा, आधी फरशी बघा.

पाय घसरला, तिथेच भीती बसली

टाइल्सवर साबणाचं पाणी सांडलं की पंजाला धरायला काहीच उरत नाही. त्या वेळी पिल्लाचे पुढचे पाय नीट पाहा. पंजे बाहेरच्या बाजूला फाकत जातात, नखं फरशीवर कुरकुर वाजतात, छाती खाली येते आणि तोल सांभाळायला सगळं अंग ताठ होतं. आपण समजतो पाण्याला घाबरलं, आणि आणखी घट्ट धरतो. मग ते आणखी धडपडतं.

भोकाभोकांची रबरी मॅट घाला. नसेल तर गोणपाट ओलं करून चारपदरी अंथरा. टबात घालणार असाल तर टबाच्या तळालाही हेच हवं. वर्तमानपत्र नको, भिजल्यावर ते स्वतःच सरकतं.

दुसरा गुन्हेगार नळ. रिकाम्या बादलीत पडणारी धार बंद बाथरूममध्ये किती घुमते, हे पिल्लाच्या उंचीवर कान नेऊन एकदा ऐकाच. पिल्लाला आत आणण्याआधी बादल्या भरून ठेवा. चार-पाच किलोच्या पिल्लाला 15 लिटरची एक बादली आणि वर अर्धी, एवढं पुरतं. ते आत आल्यावर नळ, शॉवर, एक्झॉस्ट फॅन काहीही सुरू करायचं नाही. फरशी नुकतीच फिनाइलने पुसलेली असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुवून घ्या. पिल्लू ओले पंजे चाटतंच.

पाणी किती गरम, मग्गा किती उंच

कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. आपल्याला अंघोळीला छान वाटणारं कडकडीत पाणी त्याला सोसत नाही, आणि थंडगार पाण्याने लहान पिल्लू पटकन गारठतं. पाणी 36 ते 38 अंशांच्या दरम्यान ठेवा. थर्मामीटर नसला तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तसं विसण घालून कोपर बुडवून पाहा. कोपराला ना ऊन लागलं ना गार, की झालं.

मग्गा डोक्यावरून ओतणं ही सर्रास होणारी चूक. एक तळहात पिल्लाच्या पाठीवर ठेवा, मग्ग्याची कड त्याच हाताला टेकवा आणि पाणी हातावरून अंगावर उतरू द्या. हाताचा स्पर्श ओळखीचा असतो, त्यामुळे पाणी दचकवत नाही. सुरुवात मागच्या पायांपासून, मग पाठ, पोट, छाती आणि मान. तोंडावर मग्गा कधीच नाही, ते शेवटी ओल्या फडक्याने पुसायचं. एकच अपवाद आहे. अंगावर पिसवा असतील तर सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर अंग भिजताच त्या डोळ्यांकडे आणि कानांकडे धावतात.

हाक मारून फसवू नका

"ये, ये" करत बिस्किट दाखवायचं आणि जवळ आलं की उचलून मोरीत न्यायचं, असं दोन-तीनदा झालं की पिल्लू हाकेलाच येईनासं होतं. हे नुकसान अंघोळीपेक्षा मोठं, कारण उद्या रस्त्यावर दोरी सुटली तर त्याच हाकेची गरज पडणार. अंघोळीला नेताना हाक मारू नका, शांतपणे जवळ जाऊन उचला. आणि पट्ट्याची दोरी नळाला बांधून ठेवू नका. पिल्लू घसरलं तर गळ्याला फास बसतो.

खाऊन दीड-दोन तास झालेले असावेत, शी-शू उरकलेली असावी. वेळ दुपारी अकरा ते तीनमधली बरी, म्हणजे वाळायला ऊन मिळतं. लसीच्या दिवशी अंघोळ नको, पुढचे दोन-तीन दिवसही जाऊ द्या, कारण अंग दुखरं असतं आणि कणकण असू शकते. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला अंघोळ घालूच नका. मळलेली जागा कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

लांब केसांचं पिल्लू असेल तर आधी कोरड्या अंगावर कंगवा फिरवा. गुंता भिजला की आवळतो, आणि मग तो सोडवताना पिल्लू कळवळतं. शिट्झूच्या कानामागे आणि काखेत हे हमखास होतं.

शाम्पू

माणसाच्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळ. आपल्या शाम्पूने म्हणूनच त्याची कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते. पिल्लांसाठीचा शाम्पू घ्या. दोन चहाचे चमचे अर्धा लिटर कोमट पाण्यात मिसळून बाटलीत भरा, झाकणाला दोन-तीन भोकं पाडा. पातळ केलेला शाम्पू मुळापर्यंत जातो आणि निघतोही लवकर. थेट ओतला तर पाठीवर एकाच जागी घट्ट बसतो आणि तिथला कितीही धुतला तरी चिकट राहतो.

पाण्यात झाकणभर घरगुती जंतुनाशक टाकायची सवय सोडा. कातडीला ते झोंबतं, आणि चाटल्यावर तोंडाची व पोटाची आग होते.

फेस दिसेनासा झाला म्हणजे शाम्पू निघाला असं होत नाही. फेस करायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ धुण्याला द्या. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या आणि छातीखालचा भाग बोटांनी चाचपून पाहा. केस बोटांतून निसटतात तोवर शाम्पू आत आहे. अंघोळीनंतर दोन दिवस पिल्लू काखा खाजवत असेल तर आधी यावरच संशय घ्या. पाणी पडल्यापासून टॉवेलपर्यंत सगळं सात-आठ मिनिटांत आटोपलं पाहिजे.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. दर रविवारी घातली तर कातडीचं तेल धुऊन जातं आणि कोंडा होतो. पशुवैद्याने औषधी शाम्पू दिला असेल तर दिवस तेच ठरवतील. तो शाम्पू अंगावर बहुधा दहा मिनिटं ठेवावा लागतो, ती दहा मिनिटं आधीच धरून चाला.

कान आणि वाळवणं

कुत्र्याची कानाची नळी खाली उतरते आणि मग आडवी वळते. त्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. लॅब्राडोर, बीगल, कॉकर यांच्या लोंबत्या पाळ्यांखाली तर हवाही लागत नाही. कापसाचा सैल बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, आत कोंबू नका, आणि अंघोळ होताच आठवणीने काढा.

टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. दोन टॉवेल लागतात, दुसरा कोरडा असायला हवा. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, अंगापासून फूटभर लांब आणि सतत हलता. त्याच्या आवाजाला घाबरत असेल तर सोडून द्या. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, वरचे केस वाळले तरी मुळाशी ओल राहते. मग कुबट वास येतो, पुढे बुरशी धरते. बोटं केसांत उलटी फिरवून कातडी कोरडी लागते का ते बघा. दमट दिवसांत अंघोळ लांबवलीत तरी काही बिघडत नाही.

भीती आधीच बसली असेल तर

एक आठवडा अंघोळ बंद. पहिले दोन दिवस कोरड्या बाथरूममध्ये मॅटवर खाऊ द्यायचा, तीन मिनिटं, दार उघडं. तिसऱ्या दिवशी शेजारी भरलेली बादली. चौथ्या दिवशी फक्त ओला हात पाठीवरून फिरवायचा. पाचव्या दिवशी मागच्या पायांवर एक मग्गा पाणी, लगेच टॉवेल. सहाव्या दिवशी पाय आणि पोट, बिनशाम्पूचं. सातव्या दिवशी खरी अंघोळ. एखाद्या पायरीवर पिल्लू खाऊ घेईनासं झालं तर ती पायरी घाईची झाली, आदल्या पायरीवर परत या.

पाणी घालताना तोंड गुंतवायला स्टीलच्या ताटलीवर चमचाभर साधं दही पसरून समोर धरा. पीनट बटर वापरलंत तर डब्यावरचा मजकूर वाचा. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, असेल तर ते कुत्र्याला विष आहे. मनुके आणि चॉकलेट तर नकोच.

शेपटी पोटाशी, ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या भीतीच्या खुणा. सगळ्यात फसवी खूण म्हणजे निश्चल उभं राहणं. "आज किती शहाण्यासारखं उभं राहिलं" असं लोक म्हणतात ते हेच गोठलेलं पिल्लू. गुरगुरलं तर रागावू नका, हात मागे घ्या आणि थांबा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं पिल्लू पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. दात लागून रक्त आलं किंवा नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पिल्लाची रेबीजची लस व्हायची असेल तर यात जराही चालढकल नको.

गोचिडी, डांबर, रंग

रॉकेल, कापूर घातलेलं खोबरेल, टी ट्री तेल हे गोचिडींवरचे घरगुती उपाय पिल्लाला विषबाधा करू शकतात. अमित्राझ या गोचिडी मारायच्या औषधाचं पाणीही स्वतःच्या अंदाजाने नको. प्रमाण चुकलं तर पिल्लू सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध कातडीच्या तेलातून पसरतं, म्हणून ते टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. डांबर किंवा ऑइल पेंट लागला तर थिनर न लावता गोडंतेल चोळा, मऊ झालं की कापडाने पुसा आणि फक्त तेवढाच भाग शाम्पूने धुवा.

सगळं जमतंय, पण एका ठराविक जागी हात लागला की पिल्लू किंचाळतं, असं असेल तर ती भीती नव्हे, दुखणं. कानाशी असेल तर कान हुंगून पाहा, आंबूस वास आला तर संसर्ग असू शकतो. कमरेपाशी किंवा मागच्या पायाला असेल तर ते उठताना लंगडतं का ते बघा. अशा वेळी अंघोळ राहू द्या, पशुवैद्याची वेळ घ्या.