एका कार्डावर दोन-तीन एक्सडीपी प्रोग्राम लावण्याआधी

तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्याकडे बहुधा एकच लिनक्स सर्व्हर असतो आणि आजूबाजूची सगळी खेडी त्याच्या एका नेटवर्क कार्डावर चालतात. पॅकेट मोजणारा आणि नको ते पाडणारा, असे दोन एक्सडीपी प्रोग्राम (कार्डावर पॅकेट येताच कर्नलमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) तिथे लावायचे, तर कर्नल एका कार्डाला तसा एकच प्रोग्राम घेऊ देतं. म्हणून लिबएक्सडीपी या लायब्ररीचा डिस्पॅचर हवा. कार्डावर तो बसतो आणि आपले प्रोग्राम त्याच्या आत ओळीने चालतात, फार तर 10.

कर्नल 5.10 किंवा पुढचं असू द्या आणि /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाईल (कर्नलच्या आतल्या रचनेची माहिती) आहे का बघा. ती नसली तर पहिला प्रोग्राम निमूट लागतो आणि दुसऱ्याला नकार येतो, मग माणूस दुसऱ्याच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. कुणी आधी आयपी कमांडने थेट लावलेला प्रोग्राम असेल तर तो काढा, त्याच्याशेजारी डिस्पॅचर बसत नाही.

क्रम कागदावर लिहा. प्रायॉरिटीचा लहान आकडा आधी चालतो. काही न दिल्यास 50 धरला जातो, तेव्हा दोघांनाही 50 वर सोडू नका. मोजणाऱ्याला 10, पाडणाऱ्याला 20 द्या. उलट केलंत तर पाडलेली पॅकेट मोजणीत येणारच नाहीत आणि हल्ल्याच्या दिवशी आलेख शांत दिसेल. मोजणाऱ्याने पास, म्हणजे ‘पॅकेट पुढे जाऊ द्या’ हे उत्तर, परत द्यायला हवं, कारण वेगळं काही सांगितलं नसेल तर पास आलं तरच पुढचा प्रोग्राम चालतो.

गिऱ्हाईक पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड टाकून जोडणी घ्यायच्या पद्धतीवर) असेल तर प्रोग्रामला आयपी हेडर नेहमीच्या 14 व्या बाइटवर सापडणार नाही. पीपीपीओईचे 6 आणि पीपीपीचे 2 मिळवून ते 22 वर येतं, व्हीलॅन टॅग (एका तारेवर वेगळी नेटवर्कं ओळखायची 4 बाइटची खूण) असला तर 26 वर. कार्ड स्वतःच टॅग काढून घेत असेल तर इथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने आरएक्सव्हीलॅन बंद करा. एलआरओही (आलेली पॅकेट जोडून मोठं करणं) बंद करा, ते चालू असलं की काही ड्रायव्हर नेटिव्ह मोडला, म्हणजे प्रोग्राम थेट ड्रायव्हरमध्ये चालवायला, नकार देतात.

नेटिव्ह मोडमध्ये पहिला प्रोग्राम लावताना काही कार्डं रीसेट होतात, लिंक क्षणभर पडते. सेतू केंद्रात सातबारा आणि पीकविम्याची रांग असते त्या वेळी हे करू नका, मध्यरात्रीनंतर करा. एसएसएच त्याच कार्डावरून असेल तर आधी 10 मिनिटांनी सगळे प्रोग्राम उतरवणारी एट कमांड लावून ठेवा. सगळं ठीक दिसलं की ती रद्द करा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नडते ती लाईन. उन्हाळ्यात इन्व्हर्टरही दम सोडतो, सर्व्हर बंद होऊन परत उठतो आणि लावलेले प्रोग्राम गेलेले असतात, कारण /सिस/एफएस/बीपीएफ मधलं काहीच रीबूटनंतर उरत नाही. नेट मात्र चालू असतं, त्यामुळे फिल्टर नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सिस्टमडीचं युनिट (सर्व्हर उठताना प्रोग्राम आपोआप लावणारी फाईल) लिहा, ते कार्ड उभं राहिल्यावरच चालेल असं ठेवा, आणि सर्व्हर खरोखर रीबूट करून ‘एक्सडीपी-लोडर स्टेटस’ ही कमांड चालवून बघा. डिस्पॅचरखाली 10 आणि 20 अशा दोन्ही ओळी दिसायला हव्यात.

पाडलेलं पॅकेट टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या नेहमीच्या कमांडमध्ये शोधू नका, तिथपर्यंत ते पोचतच नाही. त्यासाठी एक्सडीपीडंप आधीच टाकून ठेवा.