फॉर्ममधली माहिती डेटाबेसमध्ये भरताना या चुका टाळा

पीएचपी (वेबसाइटचा सर्व्हरवर चालणारा भाग लिहायची भाषा) नव्याने शिकणाऱ्यांचा कोड तपासायला घेतला की 'क्लीन' नावाचे एक फंक्शन हमखास सापडते. कुठल्याशा धड्यातून उचललेले हे फंक्शन मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटते, बॅकस्लॅश काढते, एचटीएमएलची चिन्हे बदलते आणि जे उरेल ते थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या, वाक्यात चिकटवले जाते. लिहिणाऱ्याची समजूत अशी, की माहिती आता सोवळी झाली. वास्तविक त्या माहितीचे काय करायचे हे ती कुठे जाणार आहे त्यावर ठरते. डेटाबेसची गरज वेगळी आणि वेब पानाची वेगळी.

वसईतील एका संस्थेच्या स्पर्धेसाठी आम्ही नावनोंदणीचा फॉर्म केला होता. तिकडे डि'मेलो, डि'सिल्वा ही आडनावे नेहमीची. पण चाचणी घेताना आम्ही जोशी-पाटलांच्या पलीकडे गेलो नव्हतो. पहिल्याच सकाळी त्या वरच्या स्वल्पविरामाने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, मोडली, कारण एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते. सहकाऱ्याने घाईघाईत 'क्लीन'मध्ये अवतरणचिन्हांचेही रूपांतर घातले, क्वेरी चालू लागली आणि विषय मिटला असे मीही मानले. तीन आठवड्यांनी डेटाबेसमधून थेट पीडीएफ करून प्रमाणपत्रे छापली, तेव्हा त्यांवर 'डि'मेलो' असे उमटले. ब्राउझर हे चिन्ह उलगडून दाखवतो, छपाई दाखवत नाही. ज्यांनी मधल्या काळात दुरुस्तीच्या पानावरून पत्ता बदलला होता, त्यांच्या नावावर हेच रूपांतर पुन्हा चढले होते. कोणत्या ओळीवर ते एकदा झाले आणि कोणत्या ओळीवर दोनदा, हे डोळ्यांनी पाहत मी दोन संध्याकाळी घालवल्या.

तेव्हापासून माझी सवय अशी: माणसाने टाइप केले तसेच साठवायचे, डेटाबेसकडे ते पीडीओच्या (पीएचपीची डेटाबेसशी जोडणारी सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच, म्हणजे आज्ञेत मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवून मूल्ये वेगळी, पाठवायचे आणि एचटीएमएलची चिन्हे पानावर मजकूर छापायच्या क्षणी बदलायची. 'उद्या काढून टाकायच्या' स्क्रिप्टलाही हाच नियम, कारण अशा स्क्रिप्ट पाच पाच वर्षे चालताना मी पाहिल्या आहेत. मात्र प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधले प्रश्नचिन्ह फक्त मूल्याची जागा घेते. यादी कोणत्या रकान्यानुसार लावायची ते नाव फॉर्ममधून येत असेल, तर परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवून त्यातलेच निवडावे. आल्या आल्या सगळ्याला बॅकस्लॅश लावण्याचा प्रयोग पीएचपीने स्वतः 'मॅजिक कोट्स' या नावाने केला होता. 2012 मध्ये 5.4 आवृत्तीत तो काढून टाकला गेला. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची जुनी फंक्शन्सही 2015 मध्ये 7.0 आवृत्तीत गेली. तरी ती शिकवणारे धडे अजून फिरतात आणि उतावळ्या माणसाला तेच आधी सापडतात.

दुसरी चूक मोबाइल नंबरची. 'नंबर आहे, म्हणजे इंट (पूर्णांक)' असे म्हणून रकाना केला जातो. साध्या इंटची कमाल मर्यादा 2147483647 आहे आणि आपले मोबाइल नंबर त्याहून मोठे असतात. स्ट्रिक्ट मोड (न बसणारे मूल्य नाकारण्याची सेटिंग) बंद असलेला मायएसक्यूएल तक्रार न करता प्रत्येकाच्या नावापुढे हीच संख्या लिहितो. एका यादीत सगळ्या पालकांचा नंबर एकच दिसल्यावर आम्हाला ते कळले. खरे नंबर परत मिळण्याची सोय नव्हती. शिवाय 020 मधले पुढचे शून्यही संख्येत टिकत नाही. ज्याची बेरीज करायची नाही ते मजकूर म्हणूनच ठेवावे.

मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलत असेल, तर टेबल आणि डेटाबेसशी जोडणारे कनेक्शन दोन्ही यूटीएफ-8-एमबी-4 (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) वर आहेत का ते पाहावे. बहुधा कनेक्शन राहून गेलेले असते. लांबी मोजताना साधे स्ट्रलेन बाइट मोजते, त्यामुळे 'महाराष्ट्र' हा शब्द 30 भरतो. एमबी-स्ट्रलेन अक्षरे आणि काना-हलन्तासारखी चिन्हे मोजते, म्हणून त्याला 10 म्हणते.

तपासणी केवळ जावास्क्रिप्टमध्ये असणे म्हणजे तपासणी नसणे. टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे येतच नाही, हे गृहीत धरावे. पीएचपीचे 'एम्प्टी' शून्यालाही रिकामे मानते, म्हणून 'मुलांची संख्या 0' लिहिणाऱ्याला 'हा रकाना भरा' असे बजावले जाते. आणि पान रिफ्रेश केल्यावर नोंद दोनदा होत असेल, तर बटण बंद करण्याच्या युक्त्या करत बसू नये. माहिती साठवल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करावे आणि टेबलावर युनिक की (तीच नोंद पुन्हा होऊ न देणारी अट) लावावी.