टेरेन टाइल्स बनवताना या चुका टाळा

टेरेन टाइल म्हणजे वेब नकाशाला जमिनीची उंची पुरवणारा चौकोनी तुकडा. तिला चित्र समजलात की घात झालाच. फाइल पीएनजी असली तरी तिच्यात भरलेले असतात आकडे. मॅपबॉक्स या नकाशा कंपनीच्या पद्धतीत उंची अशी काढतात: पिक्सेलमधला लाल आकडा गुणिले ६५५३६, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा, या बेरजेला ०.१ ने गुणायचं आणि त्यातून १०००० वजा करायचे. सिंहगडाची उंची १३१२ मीटर, म्हणजे पिक्सेल (१, १८५, २२४). निळा एकाने हलला तर १० सेंटिमीटरचा फरक, हिरवा हलला तर २५.६ मीटरचा, लाल हलला तर साडेसहा किलोमीटरचा. एवढं पाठच करून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे आधी उंचीचे रंग करायचे आणि मग त्या रंगीत फाइलचं रिसॅम्पलिंग (आजूबाजूच्या पिक्सेलांवरून नव्या आकाराचे पिक्सेल काढणं) करायचं. पुण्यातल्या एका ग्रुपने सायकलवाल्यांसाठी नकाशा केला होता. अगदी जवळच्या झूमला सगळं व्यवस्थित. जरा बाहेर आलं की कोथरूडच्या बाजूला सपाट जागेतून बारा-तेरा मीटरची भिंत उभी, आणि रस्त्याने सरळ जाणाऱ्याच्या नावावर नसलेला चढ जमा. त्यांनी आधी उपग्रहाच्या डेटाला दोष दिला. मग भिंत दिसू नये म्हणून टाइल्सवरच ब्लर मारला, तर खोट्या उंच्या आणखी पसरल्या.

टाइल्स माझ्याकडे आल्यावर मी आधी भिंत कुठल्या उंचीवर आहे ते पाहिलं: ५७२.८ मीटर. तिथेच उलगडा झाला. ५७२.७ म्हणजे (१, १५६, २५५) आणि ५७२.८ म्हणजे (१, १५७, ०). दोन्हींची सरासरी काढा: हिरवा १५६.५, निळा १२७.५. पिक्सेलमध्ये अपूर्णांक मावत नाही, म्हणून (१, १५७, १२८) लिहिलं जातं आणि वाचताना होतात ५८५.६ मीटर. दशांश टिकले असते तर सरासरी बरोबर आली असती. सगळा घोळ राउंडिंगचा. अशी रेघ दर २५.६ मीटरला येते. जीडॅल-टू-टाइल्स या टाइल्स बनवणाऱ्या टूलला काही न सांगता चालवलं तर ते सरासरीच काढतं, हे कुणी बघतच नाही.

यात आणखी एक सापळा आहे. लाल आकडा १ वरून २ होतो ३१०७.२ मीटरला. कळसूबाईच १६४६ मीटर, त्यामुळे आख्ख्या महाराष्ट्रात लाल १ च राहतो. सह्याद्रीवर टेस्ट करून तोच कोड हिमालयावर चालवलात, तर ३१०७ मीटरच्या उतारावर (२, १२८, १२८) असा पिक्सेल येऊ शकतो. म्हणजे ६३९६.८ मीटर!

माझी पद्धत ठरलेली आहे. मूळ डेम, म्हणजे उंच्यांची फाइल, फ्लोट जिओटिफ (दशांश टिकवणारी नकाशा-फाइल) म्हणून जपून ठेवायची, प्रत्येक झूमचं रिसॅम्पलिंग त्या उंचीवरच करायचं आणि रंग अगदी शेवटी, टाइल लिहिताना करायचे. वेळ जातो, डिस्क भरते. भरू द्या. ‘एन्कोड केलेली फाइल हाताशी आहेच, तीच लहान करू’ या घाईतून वाचलेला तास पुढे आठवडाभर छळतो.

जेपेग नकोच. लॉसलेस (एकही आकडा न बदलणारा) वेबपी चालतो, आकडे बदलणारा साधा लॉसी नाही. आणि सर्व्हरवर चित्रं आपोआप हलकी करणारी सोय चालू असेल तर या फोल्डरपुरती बंद करा. ती रंग २५६ वर आणू शकते, आणि तेवढ्या पॅलेटमध्ये डोंगर मावत नाहीत.

पद्धतींची अदलाबदलही नेहमीची. टेरेरियम या दुसऱ्या पद्धतीत लाल गुणिले २५६, अधिक हिरवा, अधिक निळा भागिले २५६, वजा ३२७६८ असा हिशोब असतो, आणि तिथे सिंहगड होतो (१३३, ३२, ०). ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या मॅपलिबरला सोर्समध्ये एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते मॅपबॉक्सच धरतं आणि गड ८६२ किलोमीटर उंच जातो. नकाशा कोरा किंवा चित्रविचित्र दिसला की नवे लोक तासन् तास कॅमेऱ्याचे आकडे बदलत बसतात. आधी ती एक ओळ बघा.

कोकण किनाऱ्याला लागून दहा किलोमीटर खोल खड्डा दिसला तर ती ‘डेटा नाही’वाली जागा आहे. ती पारदर्शक ठेवली की ब्राउझरच्या कॅनव्हासमधून (जिथून चित्राचे पिक्सेल वाचतात) (०, ०, ०) परत येतं, म्हणजे उणे १०००० मीटर. समुद्र शून्य मीटरने भरा, म्हणजे (१, १३४, १६०). डोंगरातली भोकं मात्र आजूबाजूच्या उंचीवरून भरायची.

जीपीएसची एलिप्सॉइड उंची (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली) आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एकाच डेममध्ये मिसळू नका. पुण्यात दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक पडतो.

हिलशेड (नकाशावरची डोंगरांची छाया) देखणी दिसली म्हणून टाइल बरोबर ठरत नाही. सिंहगड, वेताळ टेकडी आणि एखादा समुद्रातला बिंदू घेऊन पिक्सेलचे आकडे हाताने उलगडून बघा, तेही प्रत्येक झूमला. सगळं जुळूनही एखाद्याच माणसाकडे जमीन खरखरीत दिसत असेल, तर त्याचा ब्राउझर विचारा. ब्रेव्ह, किंवा फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरच्या खुणांवरून माणूस ओळखणं) अडवायचं सेटिंग चालू केलेला फायरफॉक्स, कॅनव्हासमधून वाचलेल्या आकड्यांत मुद्दाम फेरफार करतो.