ड्रॅगच्या गाडीला मागचा जाड अ‍ॅक्सल बसवताना: आधी पिनियनचा कोन, मग वेल्डिंग

ड्रॅगसाठी, म्हणजे थांबलेल्या गाडीने सुटून सरळ पट्टीत पळायच्या शर्यतीसाठी, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरमध्ये तगडं इंजिन टाकलं की पहिला बळी मागच्या अ‍ॅक्सलचा जातो. शाफ्टचे स्प्लाइन (टोकाच्या खाचा) पिळवटतात, नाहीतर क्राउनचे (पिनियन हा छोटा गिअर ज्या मोठ्या गिअरला फिरवतो त्याचे) दात उडतात. मग कुणीतरी सांगतं की डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) वेल्ड करून टाक, भागेल. भागत नाही. डिफ वेल्ड केल्याने दोन्ही चाकं एकदम फिरतात, पण शाफ्ट आणि दात होते तेवढेच बारीक राहतात. अ‍ॅक्सल अख्खा बदलायला हवा.

गोव्यात बोलेरो आणि क्वालिसचे अ‍ॅक्सल शोधा. दोन्ही मुळात पाट्यांवरच (लीफ स्प्रिंगवर) बसतात, म्हणजे अर्धी डोकेदुखी कमी. फोर बाय फोर जीपचा घेणार असाल तर आधी खाली वाकून पाहा. डिफ बऱ्याचदा मध्यावर नसतो आणि मग गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट तिरपा जातो. भंगारातून उचलण्याआधी ऑइल काढून त्यात चुंबक फिरवा. करडी, लोण्यासारखी पेस्ट चालते, कपच्या आल्या तर तसाच परत ठेवा. क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने पाहा, साधारण ०.१५ ते ०.२० मिमी हवा. दात मोजा: क्राउन ४१ आणि पिनियन १० म्हणजे ४.१ रेशो. ६० सेमी व्यासाच्या टायरवर, डायरेक्ट चौथ्या गिअरमध्ये, ताशी १५० किमीला इंजिन ५,४०० आरपीएमच्या आसपास येतं. तुमचं इंजिन तिथे दम धरतं का, हे विकत घेण्याआधी ठरवा.

रुंदी

हे दोन्ही अ‍ॅक्सल पद्मिनीला रुंद पडतात. टायर आणि पाटा यांत किमान २० मिमी, टायर आणि बॉडी यांत २५ मिमी मोकळं राहील असं धरून चाकाच्या एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंतचं माप काढा आणि ट्यूब त्या हिशेबाने कापून घ्या. कापण्याचं आणि जोडण्याचं काम दोन्ही बेअरिंगच्या घरांतून सरळ बार घालून करणाऱ्याकडेच द्यायचं. शाफ्ट आखूड करून नवे स्प्लाइन पाडून, हीट ट्रीटमेंट करून मिळतात. ‘शाफ्ट मधे कापून वेल्ड करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून चहासुद्धा न पिता उठा.

मागे पाच बोल्ट आणि पुढे चार, असं होणार. पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) जुळवत बसू नका, मागची चाकं वेगळी घ्या.

पिनियनचा कोन

बाकी सगळं बरोबर करूनही गाडी इथेच बिघडते आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात. ‘पिनियन गिअरबॉक्सला समांतर ठेव’ हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. रस्त्यावरच्या गाडीला तो जवळपास बरोबर आहे, ड्रॅगला नाही.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे ओढतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असले, म्हणजे गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर असली, तर एकाची थरथर दुसरा खाऊन टाकतो. हे समांतर असणं गाडी उभी असताना नको, जोर पडलेला असताना हवं. टायरने पकड घेतली की क्राउनवर चढू पाहणारा पिनियन आपलं तोंड वर उचलतो आणि पाटा एस अक्षरासारखा मुरडतो. उभ्या गाडीत समांतर ठेवलेला पिनियन क्लच सोडल्या क्षणी चार-पाच अंश वर गेलेला असतो. नंतर क्रॉस तुटला की दोष क्रॉसच्या कंपनीला!

म्हणून तोंड जितकं उठणार तितकं आधीच खाली झुकवून ठेवायचं. नुसत्या पाट्यांवर ५ ते ६ अंश, पाट्याखाली स्लॅपर बार (पाट्याला मुरडू न देणारे दांडे) असतील तर २ ते ३. समजा गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश उतरतोय. त्याला समांतर पिनियनचं तोंड ३ अंश वर असतं. पाटा ५ अंश मुरडणार असेल तर उभ्या गाडीत तोंड २ अंश खाली हवं. डिजिटल अँगल गेज गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या फ्लँजच्या मशीन केलेल्या तोंडावर टेका. कास्टिंगच्या खडबडीत पाठीवर घेतलेलं माप कामाचं नाही.

हे माप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्या. चेसिस घोडीवर आणि अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेला कोन फेकून द्या, कारण वजन पडून पाटा सरळ होताना पिनियनही फिरतो. टाकीत शर्यतीला असतं तेवढं पेट्रोल घाला, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी तांदळाची पोती ठेवा, टायरची हवा शर्यतीची. ट्यूबवरच्या जुन्या सीटा (पाटा ज्यांवर टेकतो त्या बैठका) घासून काढलेल्या असाव्यात. नव्या सीटा पाट्याच्या सेंटर बोल्टवर बसवून यू-बोल्ट हाताने आवळा, पिनियनच्या नाकाखाली छोटा जॅक लावून कोन आणा आणि मगच टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. प्रत्येक सीटला चार टॅक पुरेत. पूर्ण वेल्ड अजून नाही.

टॅक झाल्यावर चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या सारख्याच भोकांपासून अ‍ॅक्सलच्या टोकांपर्यंत माप घ्या, कर्णही मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर टॅक कापा. तिरका बसलेला अ‍ॅक्सल सुटताना गाडी एका बाजूला ओढतो आणि लोक टायर बदलत बसतात.

‘कोन नंतर वेज (पाचर) टाकून जुळवू’ हा दुसरा आवडता सल्ला. एखाद्या अंशाला वेज ठीक. चार अंशांचा अ‍ॅल्युमिनियमचा वेज धक्क्यांनी चेपतो, यू-बोल्ट सैल होतात, आणि यू-बोल्ट सैल झाला की सेंटर बोल्ट कातरला जातो.

वेल्डिंग

अ‍ॅक्सल खाली उतरवा, बेअरिंग आणि सील काढा. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या शेजारीच लावा. टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिपके पडतात. वेल्ड फक्त स्टीलच्या ट्यूबवर, मधल्या ओतीव घरावर कधीच नाही. २५-३० मिमीची एक पट्टी, मग दुसऱ्या बाजूला एक, मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. पाणी ओतायचं नाही. घाई केली तर ट्यूब केळ्यासारखी वाकते आणि मागची चाकं आत-बाहेर पाहायला लागतात.

७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर गोव्याची हवा विसरू नका. जून ते सप्टेंबर उघडं पाकीट ओल खातं, ओल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डच्या कडेला तडा पाडतो. तो तडा दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. रॉड ओव्हनमध्ये तापवूनच देणारा वेल्डर शोधा. डिचोली, सांखळी, कुडचडेकडे खाणीचे ट्रक सांभाळणारी गॅरेजं आहेत, तिथे पाट्यांचं आणि जाड वेल्डिंगचं काम कळणारी माणसं भेटतात.

परत बसवताना

यू-बोल्ट नवेच घाला. प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी चाकांवर असताना मोजा आणि स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत गेल्यापासून २० ते २५ मिमी बाहेर राहील असा शाफ्ट बनवून बॅलन्स करून घ्या. पुढच्या क्रॉसपासून १५ सेमीच्या आत सेफ्टी लूप (शाफ्टभोवतीचं कडं) लावा. पुढचा क्रॉस तुटला तर लूपशिवाय शाफ्ट फरशी फाडून पायांपर्यंत येतो. ब्रेकची रबरी होज अ‍ॅक्सल पूर्ण खाली गेल्यावरही ताणली जाऊ नये. मागचे व्हील सिलिंडर मोठे आले असतील तर पेडल खोल जाईल, मास्टर सिलिंडर त्याप्रमाणे बदला. ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) नळी लावून वर बॉडीपर्यंत न्या. ब्रीदर तुंबला तर ऑइल सीलमधून ब्रेकच्या लायनिंगवर येतं. ऑइल फिलर प्लगच्या कडेपर्यंत.

वेर्ण्याच्या पठारावरचा रस्ता रात्री कितीही रिकामा दिसो, चाचणी तिथे नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला आणि कलम ५२ असल्या बदलांना लागू होतं. गाडी ट्रेलरवर घालून बंद धावपट्टीवर न्या.

पहिल्या काही लाँचला, म्हणजे जोरात सुटताना, बॉडीखाली कॅमेरा घट्ट बांधून पिनियनचं तोंड किती उठतं ते पाहा. सुटताना धडधड आली तर पाटा अंदाजापेक्षा जास्त मुरडतोय: कोन आणखी खाली घ्या किंवा बार लावा. सुटताना गाडी गप्प आणि शेवटच्या टप्प्यात थरथर, तर आधी शाफ्टचा बॅलन्स तपासा. यू-बोल्टच्या नटांवर रंगाची रेघ ओढून ठेवा आणि प्रत्येक लाँचनंतर वाकून पाहा. रेघ सरकली असेल तर त्या दिवशी पुढचा लाँच नाही.