व्हिडिओ स्केलिंगचा कोड सुधारताना या चुका टाळा

रामकुंडावरच्या आरतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ मी चाचणीसाठी कायम हाताशी ठेवतो. पाण्यात थरथरणारे दिवे, घाटाच्या पायऱ्यांच्या सरळ कडा, वर भगवा ध्वज. स्केलरमध्ये, म्हणजे चित्राचं माप बदलणाऱ्या कोडमध्ये, काही बिघडलं की यातलं एक तरी लगेच सांगतं. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या लिबएसडब्ल्यूस्केल या स्केलिंगच्या लायब्ररीत हात घालण्याआधी असा एखादा ओळखीचा व्हिडिओ तुम्हीही निवडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे साफसफाई आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये (कोडच्या एका नोंदवलेल्या बदलात) करणं. ही लायब्ररी मुळात एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरमधून आली. जुना कोड, लांबलचक फंक्शनं, बघितलं की हात शिवशिवतात. मीही एकदा एका फंक्शनची तीन केली आणि त्याच भरात राउंडिंगही बदललं. चित्र बदललं, पण कशामुळे ते शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून नियम एकच: रिफॅक्टरिंगच्या, म्हणजे नुसत्या साफसफाईच्या, कमिटनंतर आउटपुट बाइटनबाइट तेच हवं. आधी जुन्या कोडने फ्रेमएमडी5 (प्रत्येक फ्रेमचा चेकसम) काढून ठेवा, मग नव्याने काढून ताडून बघा. स्केलरला बिटएक्झॅक्ट आणि अ‍ॅक्युरेट राउंडिंगचे फ्लॅग द्यायला विसरू नका. नाहीतर साधा सी कोड आणि प्रोसेसरसाठी खास लिहिलेली असेंब्ली यांचे आकडे किंचित वेगळे येतात आणि तुम्ही नसलेला बग शोधत बसता.

पायऱ्या तिरक्या दिसतायत? मग लाइनसाइजकडे, म्हणजे एक ओळ मेमरीत किती बाइट घेते त्याकडे, बघा. 854 पिक्सेल रुंदीच्या चित्राची ओळ मेमरीत 864 बाइटची असू शकते, कारण अलाइनमेंटसाठी, म्हणजे ओळ ठरावीक पटीत बसावी म्हणून, शेवटी भर घातलेली असते. रुंदी हीच लाइनसाइज धरली, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा दहा पिक्सेल सरकते आणि अख्खा घाट कलतो. लाइनसाइज अनसाइन्ड (ऋण किंमत न घेणाऱ्या) व्हेरिएबलमध्येही ठेवू नका. उलट्या चित्रात ती ऋण असते.

तळाशी हिरवी रेघ आली, तर क्रोमाच्या (रंगाच्या माहितीच्या) ओळी मोजा. 4:2:0 मध्ये, म्हणजे रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी ठेवणाऱ्या मांडणीत, उंची 241 असेल तर क्रोमाच्या ओळी 121 लागतात. नुसतं दोनने भागलं की 120 होतात. उरलेल्या ओळीत शून्य पडलं असेल तर ते हिरवं दिसतं, कारण रंग नसलेली किंमत 128 आहे, शून्य नव्हे. भागाकार वरच्या बाजूला पूर्ण करणारा मॅक्रो तयार आहे, तोच वापरा.

रंगाची चूक जास्त फसवी, कारण चित्र धड दिसतं. एचडी व्हिडिओ सहसा बीटी.709 या रंगाच्या मानकात असतो, पण तुम्ही कलरस्पेस सांगितला नाही तर आरजीबी करताना स्केलर बीटी.601 या जुन्या मानकाचे गुणक धरतो. भगव्याची छटा बदलते, आणि नाशिककराच्या डोळ्याला ते खटकतंच! रेंजही (उजेडाचे आकडे कुठून कुठपर्यंत जातात ते) तपासा: 16 ते 235 चा व्हिडिओ 0 ते 255 समजला गेला, तर रात्रीचा काळोख राखाडी होतो.

पॅच पाठवण्याआधी मेक फेट (एफएफएमपेगच्या स्वतःच्या चाचण्या) चालवा, असेंब्लीला हात लावला असेल तर तिचे आकडे सी कोडशी ताडणारं चेकअ‍ॅझमही. फेटच्या एखाद्या चाचणीचा संदर्भ आकडा बदलावा लागला, तर तो का बदलला हे कमिट मेसेजमध्ये लिहा. आणि 1920 बाय 1080 वर सगळं नीट चाललं म्हणून थांबू नका. 853 बाय 241 सारखी विषम मापं मुद्दाम देऊन बघा.